शनिवारचे पाच

"सोफ्यावर झोपू देता कुत्रीला?" असंप्टा टियर्नीने उंबऱ्यातूनच विचारलं.

"मी कुठली देते? तीच मला बसू देत नाही," म्हणत गोबनेट क्रीडन हसली आणि चहा टाकायला आत वळली.

असंप्टाने हातातल्या कागदावर खूण केली. कोव्ह या बंदरगावातल्या चढावरचं हे घर म्हणजे काडेपेटी. मागे टीचभर अंगण, तेही फरशीचं. आणि फ्लॉसीच्या फासळ्या, ज्या पूर्वी बोटाने मोजता यायच्या, त्या आता दिसतही नव्हत्या. पावाला लोणी फासून भरवत असणार ही बाई. आणखी एक खूण.

शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांना घरं मिळवून देणाऱ्या संस्थेत असंप्टा हल्ली काम करायची. कुत्रं नव्या घरी गेलं की तीन आठवड्यांनी कुणीतरी जाऊन पाहायचं, आणि 'योग्य' किंवा 'अयोग्य' लिहून सही करायची. या घराचं काम तिने मागून घेतलं होतं. कुत्रीला ओळखणारंच माणूस गेलेलं बरं, असं संस्थेतल्यांनाही वाटलं.

ओळखणारं! थर्ल्सजवळच्या शेतावर फ्लॉसी जन्मली तेव्हा असंप्टानेच तिला बाटलीने दूध पाजलं होतं. चार वर्षं तिला पळायला शिकवलं, शर्यतींना नेलं. मग नवरा गेला, पाठोपाठ खुब्याची शस्त्रक्रिया झाली. चालणंच बंद झालं तेव्हा शेवटची उरलेली ही कुत्री तिने रडत रडत संस्थेच्या हवाली केली. काठी टाकून ती चालू लागली, तोवर फ्लॉसी कोव्हला पोचली होती. आता 'अयोग्य' एवढा एकच शब्द लिहायचा, की फ्लॉसी परत थर्ल्सला. सवतीच्या घरात पाऊल टाकावं तशी असंप्टा आज इथे आली होती.

आणि सोफ्यावर फ्लॉसी उताणी झोपली होती. चारी पाय वर, जीभ एका बाजूला, पोट उघडं. दारावरच्या घंटेनेही तिला जाग आली नव्हती. असंप्टाचा आवाज ऐकूनही नाही. शेतावर नुसती बादली वाजली तरी ही कान टवकारून उभी राहायची. ही जन्मात झोपत नाही, असं असंप्टा सगळ्यांना कौतुकाने सांगायची. अशी उताणी तिने फ्लॉसीला कधी पाहिलीच नव्हती. माझ्या घरात हिला कधी अशी झोप लागली?

गोबनेट चहा घेऊन आली. कप पुढे केला, पण स्वतः बसली नाही.

"तुम्हीच वाढवलंत ना हिला? संस्थेने सांगितलं मला. बाई, एक सांगू? मला तुमचा फार राग येतो."

"माझा?" असंप्टा चमकली.

"चिकन खाऊ घालते, पाय दाबते, समुद्रावर नेते. पण शनिवारी पाच वाजले की ही खिडकीशी जाऊन उभी राहते. रस्त्याकडे डोळे लावून, अंग नुसतं थरथरत असतं. तासभर माझ्याकडे ढुंकून पाहत नाही. तुमची वाट बघते ती." गोबनेटचे डोळे भरून आले. "कितीही केलं तरी मी परकीच. घेऊन जा तिला. मी अडवणार नाही."

असंप्टाने कप खाली ठेवला. तीन आठवडे जे ऐकायला ती तडफडत होती, ते समोरचीच बाई आपल्या तोंडाने बोलत होती. आता कागदावर खोटं लिहायचीही गरज नव्हती. त्या दिवशी शनिवारच होता. तेवढ्यात वरच्या चर्चच्या घंटा पाचाचे ठोके देऊ लागल्या.

फ्लॉसी ताडकन उठली. खिडकीकडे वळली, आणि तिला असंप्टा दिसली. ती सरळ चालत आली, असंप्टाच्या गुडघ्यांसमोर थांबली आणि मान खाली घालून तिने थोबाड पुढे केलं.

"बघा!" गोबनेट हुंदका देत म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं? कशी सरळ आली तुमच्याकडे!"

असंप्टाने फ्लॉसीच्या मानेवर हात ठेवला. कातडीखाली सगळं अंग तारेसारखं थरथरत होतं. शेपटी मागच्या पायांत घट्ट दाबलेली. या थरथरीला ती चार वर्षं शर्यतीची ओढ म्हणत आली होती. चारचौघांत अभिमानाने सांगत आली होती. पण आत्ताच, पाच मिनिटांपूर्वी, तिने याच कुत्रीला चारी पाय वर करून झोपलेलं पाहिलं होतं.

तिने हात मानेवरून काढून घेतला. चहावर साय धरली.

"माझी वाट नाही बघत ती," अखेर ती म्हणाली. "शनिवारी पाचला आमची गाडी शर्यतीला निघायची. गाडी आली का, ते भीतीने बघत असते ती."

"मग आता ही तोंड पुढे करून काय मागतेय?"

"मागत नाहीये गं. मी मुसकं बांधायची ना, त्यासाठी उभी आहे."

गोबनेटने तोंडावर हात घेतला.

असंप्टाने कागद मांडीवर घेतला, खुणा केलेली बाजू खाली करून. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने 'योग्य' लिहिलं, सही केली.

"तू बोलाव तिला," ती म्हणाली. "माझ्यासमोरून ती आपण होऊन हलायची नाही."

"फ्लॉसी," गोबनेट हलकेच म्हणाली, "ये गं बाळा, ये."

फ्लॉसी जागची हलली नाही. तिने असंप्टाकडे वर पाहिलं.

असंप्टा उठली, तिच्याकडे पाठ केली आणि कोट अंगावर चढवत राहिली. मागे सोफ्याच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. गोबनेटचं हलकं हसू ऐकू आलं. बाहेर पडून दार ओढून घेताना तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर फ्लॉसी पुन्हा खाली उतरून उभी राहिली असती.