उतारावरची फेरी

ब्रेकचं पेडल दाबलं की पायाखाली मऊ लागायचं आणि तसंच खाली, गाडीच्या तळापर्यंत जायचं. थोरलीनं पाय उचलला, पुन्हा दाबलं. तेच.

"आता?" गाडीखालून मिस्त्रींनी विचारलं.

"तेलात हवा आहे, बाबा."

"नाही म्हणजे नाही. नळीतून स्वच्छ तेल येतंय. एक बुडबुडा नाही."

गाडीवाला स्टुलावर बसून बघत होता. उद्या सकाळी याच जुन्या व्हॅनमधून त्याला शाळेची मुलं न्यायची होती. "मिस्त्री, ब्रेक दिलाय की उशी?" तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

मिस्त्री हात पुसत बाहेर आले. पुढच्या चाकांचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे चाक धरून थांबवणारे ब्रेकचे जबडे, त्यांनी काल उतरवून, आत नवे रबर घालून, स्वतः परत बसवले होते. मिस्त्रींच्या हातचं काम परत येत नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. ते स्वतः तसं कधी म्हणत नसत. नुसतं ऐकून घेत.

"पेडलमागचा मास्टर सिलेंडर गेलाय, तेलाला दाबच देत नाही," ते म्हणाले. "नवा आणायला लागेल."

"त्याआधी नळ्या आवळून बघू?"

"बघ. तुझं समाधान."

थोरलीनं पुढच्या दोन्ही चाकांच्या रबरी नळ्या चिमट्यांनी आवळल्या, सीटवर चढून पेडल दाबलं. दगड. खाली उतरून एक चिमटा सोडला. पेडल थोडं दबायला लागलं. दुसरा सोडला; पुन्हा पहिल्यासारखं मऊ.

"सिलेंडर चांगला आहे. हवा पुढच्या चाकांत आहे."

"मग बुडबुडे कुठं गेले? हवा खायला?"

ती टॉर्च घेऊन एका चाकाशी बसली. मग दुसऱ्या. उठली तेव्हा तिनं वडिलांकडे बघितलं नाही.

"काका," ती गाडीवाल्याला म्हणाली, "तुम्ही जरा चहा पिऊन येता का?"

"तो कुठं जात नाही," मिस्त्री म्हणाले. "काय असेल ते त्याच्यासमोर बोल."

थोरलीनं टॉर्च चाकाकडे वळवला. "हवा काढायचा स्क्रू कॅलिपरच्या वरच्या अंगाला पाहिजे. दोन्हीकडे तो खाली आलाय. आपण खालून तेल काढतोय आणि हवा वरच अडकून बसलीय. डावा कॅलिपर उजवीकडे बसलाय, बाबा. उजवा डावीकडे."

मिस्त्री वाकले. बघितलं नाही, सवयीनं बोटं आत घातली. इतकी वर्षं तो स्क्रू ते बोटांनीच शोधत आले होते. काल आणि आजही बोटांना तो सापडला होता. मग त्यांनी तिच्या हातातला टॉर्च घेतला आणि डोळ्यांनी बघितलं.

गाडीवालाही वाकला. "म्हणजे चुकलं कोणाचं?"

"माझं." आवाज जरा मोठाच होता. समोरच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली. मिस्त्रींनी त्याच्याकडे बघून पुन्हा सांगितलं, "मी उलटे बसवले. शोधलं हिनं!"

कॅलिपर थोरलीनं अदलाबदल करून बसवले. हवा काढताना मिस्त्री पेडलशी बसले.

"दाबा. धरून ठेवा. सोडा, बाबा, सोडा!"

"सोडलं गं, ओरडू नकोस."

नळीच्या टोकाला धरलेल्या बाटलीत बुडबुडे उकळल्यासारखे आले, मग विरळ झाले, मग थांबले. पेडल वरच गच्च लागलं.

त्या गॅरेजची एक रीत होती. ब्रेक ज्यानं केला त्यानंच गाडी पहिल्यांदा मागच्या उतारावर न्यायची, आणि शेजारी घरचं माणूस बसवायचं. गिऱ्हाईक नाही. मिस्त्रींनी किल्ली थोरलीच्या हातावर ठेवली.

"आईला हाक मारू?"

"का? मी परका आहे?" ते शेजारच्या सीटवर चढलेसुद्धा.

उतार थेट मोठ्या रस्त्याला मिळत होता. थोरलीनं आवारात आणि उतार लागताच ब्रेक दाबून बघितला, मग गाडीला वेग धरू दिला. खाली ट्रक धावत होते. मिस्त्रींचं तिकडे लक्षच नव्हतं. खिडकीतून मान बाहेर काढून ते मागे बघत होते: गाडीवाला बघतोय ना, पंक्चरवाला आला का. थोरलीनं ब्रेक मारला. व्हॅन जागच्या जागी उभी राहिली, मोठा रस्ता अजून चांगला लांब होता, आणि मिस्त्रींचं डोकं खिडकीच्या चौकटीवर आपटलं.

"बाबा! समोर बघायचं ना!"

"कशाला? चालवत तू होतीस."

टेंगूळ चांगलंच आलं. संध्याकाळपर्यंत मिस्त्रींनी ते पंक्चरवाल्याला दाखवलं, त्याच्या गिऱ्हाइकांना दाखवलं, रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी माणसालाही थांबवून दाखवलं.

"घाबरू नका, हात लावून बघा," ते म्हणत होते. "थोरलीनं ब्रेक मारला."