तिसरी हाक

“काय?” गोमतीबाईंनी कानामागे हात धरून विचारलं, आणि नरसिंहरावांचा जीव सुखावला.

रस्त्यापलीकडे, भातगिरणीच्या पायरीवरून नगरपालिकेचे अधिकारी व्यंकटरमण यांनी नुकतंच घसा फोडून काहीतरी विचारलं होतं. मध्ये उघड्यावर गिरणीमालक चंद्रमौळींचं तेलाचं इंजिन धडधडत होतं. भजनमठाच्या ओट्यावर अख्खी गल्ली जमली होती. एकालाही शब्द कळला नव्हता.

मद्रासहून हुकूम आला होता. उघड्यावर चालणाऱ्या यंत्रांच्या आवाजाची माहिती गोळा करावी आणि जो आवाज असह्य असेल, तो वस्तीबाहेर घालवावा. आवाज मोजण्याचं उपकरण मागाहून येणार होतं. असह्य काय, ते मात्र आधीच ठरवायचं होतं. तेव्हा व्यंकटरमणांनी स्वतःच एक रीत काढली. इंजिन चालू ठेवायचं. पलीकडून तीनदा हाक द्यायची. ओट्यावरून एकदा जरी बरोबर उत्तर आलं, तर आवाज सह्य. तिन्ही हाका वाया गेल्या, तर इंजिन कावेरीपलीकडे.

नरसिंहरावांना ही रीत फार पसंत पडली. तीत खोटं बोलायची गरजच नव्हती. तंजावरच्या राजांच्या वेळेपासून मठात रोज संध्याकाळी विठ्ठलाचं भजन होत आलं होतं आणि ते सांगण्याचं काम नरसिंहरावांच्या घराण्याकडे होतं. इंजिन आलं तेव्हापासून ते त्याच्यावर सूर चढवत होते. आता घशातून सूर कमी आणि काथ्या जास्त निघे. वैद्यांनी साफ सांगितलं होतं, “इंजिन तरी बंद करा, नाहीतर तुम्ही तरी बंद व्हा.”

दुसरी हाक आली. म्हणजे व्यंकटरमणांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या.

“काय म्हणतो रे तो?” गोमतीबाई तुकोजींच्या कानात ओरडल्या.

“जेवलात का विचारतो वाटतं.”

“मग जेवलो म्हण की!”

“आणि दुसरंच काही विचारत असला तर?”

“तरी जेवलेलेच आहोत ना आपण?”

“जेवलो!” तुकोजींनी हातवारे करून कळवलं. व्यंकटरमणांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी तिरुविडैमरुदूरच्या गाडीची वेळ विचारली होती.

नरसिंहरावांनी मनातल्या मनात इंजिन बैलगाडीवर चढवलं.

तेवढ्यात चंद्रमौळी गिरणीतून बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. दर एकादशीला नारळकेळी घेऊन भजनाला यायचा, पुढच्या रांगेत बसायचा. इंजिनालाही रोज कुंकू लावून मगच सुरू करायचा. त्यांनी तोंडातला विडा थुंकला आणि व्यंकटरमणांच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं.

“एवढंच?” व्यंकटरमणांनी विचारलं.

“एवढंच, सार. हात मात्र दोन्ही वर करा.”

त्या गल्लीचा एक नेम होता. कुणी दोन्ही हात वर करून ‘पुंडलीक वरदा’ म्हटलं, की ऐकणाऱ्यानं ‘हरि विठ्ठल’ म्हणून ते पुरं करायचंच. देवाचा जयजयकार अर्धा सोडणं म्हणजे पाप. भांडणं ऐन रंगात आली असली तरी माणसं थांबत, ‘हरि विठ्ठल’ म्हणत आणि मग राहिलेल्या शिव्या देत.

व्यंकटरमणांनी दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि तोंड उघडलं.

“हरि विठ्ठल!”

ओटा गरजला. सगळ्यांत आधी गरजले ते नरसिंहराव.

चंद्रमौळींनी इंजिन थांबवलं. आता त्याची गरज नव्हती. व्यंकटरमण प्रसन्न चेहऱ्यानं रस्ता ओलांडून आले. “बघा राव, ऐकू येतं की!”

“ऐकू नाही आलं, सार,” नरसिंहराव म्हणाले. त्यांची त्यांनाच लाज वाटत होती.

“मग उत्तर कसं दिलंत?”

“ते... द्यावंच लागतं.”

“न ऐकता दिलंत, आणि तेही बरोबर?”

“होय.”

“असं करू या,” व्यंकटरमण शांतपणे म्हणाले. “देवाचं नाव आमच्या कानी पडलं नाही, अशी मठातल्या मूर्तीवर हात ठेवून कुणीही एकानं शपथ घ्यावी. इंजिन हलवतो.”

नरसिंहरावांनी ओट्याकडे पाहिलं. तुकोजी खांबाकडे बघत होते. गोमतीबाईंना घरी ठेवलेलं दूध आठवलं. नरसिंहरावांनी स्वतःचे हात पाहिले. ते आपोआप जोडले गेले होते.

“राव, मी कोण?” चंद्रमौळी नम्रपणे म्हणाले. “निवाडा विठ्ठलानंच केला.”

संध्याकाळी भजन झालं. चंद्रमौळी पुढच्या रांगेत होते, त्यांचं इंजिन रस्त्यावर धडधडत होतं. नरसिंहरावांनी टाळ हातात घेतले. मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी घसा उघडलाच नाही. नुसते ओठ हलवत राहिले. लोकांनी नेहमीच्या जागी ध्रुपद उचललं, नेहमीच्या जागी सोडलं, नेहमीच्या जागी माना डोलवल्या. शेवटी नरसिंहरावांनी दोन्ही हात वर केले आणि तोंड मिटलेलंच ठेवलं.

“हरि विठ्ठल!” मठ दणाणला.

आरती झाली. गिरणीही बंद झाली. नरसिंहरावांच्या म्हाताऱ्या आई, मीनाक्षीबाई, काठी टेकत लेकाजवळ आल्या आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली.

“नरसू,” त्या म्हणाल्या, “फार दिवसांनी आज तुझा गळा सुरेख लागला रे.”