घंगाळातले देव

खंडोबा बुडाला, जोतिबा बुडाला, भवानीही बुडाली. शालूबाईंनी चांदीचे टाक एकेक करून तांब्याच्या घंगाळात सोडले आणि सगळ्यांत वर आपल्या माहेरची अन्नपूर्णा ठेवली. मग पाट ओढून शेजारीच बसल्या.

“आता बसा तितंच,” त्या देवांना म्हणाल्या. “माझा वीरधवल बरा झाल्याबिगर एकालाबी वर काढणार न्हाई. गारठलो म्हणून सांगायचं न्हाई मला.”

सांगलीच्या दवाखान्यात वीरधवलला सकाळीच आत नेलं होतं. पलीकडच्या खोलीत त्याची बायको संयोगिता. तिची किडनी काढून त्याला बसवायची होती. शालूबाईंनी आपली देऊ केली होती, पण साखर आहे म्हणून डॉक्टरांनी नको म्हटलं. ते त्यांना अजून पटलं नव्हतं. पोटच्या लेकाला आईचं चालत नाही आणि परक्या घरच्या पोरीचं चालतं, हा कुठला न्याय. दवाखान्यात जायलाही धाकट्या ऋषिराजनं मना केलं होतं. “आई, तू नगं. तू डॉक्टरास्नी शिकवत बसशील,” म्हणाला होता. सगळं उरकलं की तो फोन करणार होता. फोन देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला होता.

शेजारची फरीदा कपबशी घेऊन आली.

“आवं मामी, सकाळधरनं पोटात कायतरी घातलंय का?”

“देव पाण्यात हायत. माझ्या घशाखाली उतरंल व्हय?”

फरीदा घंगाळात वाकून बघत राहिली. मग उंबऱ्यावर टेकली.

“आमच्या मतीनचे अब्बा दवाखान्यात हुते तवा मी नमाजाला बसले हुते. काय मागितलं ते आज इचारलं तर सांगता येणार न्हाई. निस्ती बसले हुते.”

“आमच्यात निस्तं बसत न्हाईत. आमी जाब इचारतो.”

“इचारा की. कोन न्हाई म्हणतंय.” फरीदानं चहाची बशी पुढं सरकवली. “आनि संयोगितावैनीसाठी कोन पाण्यात हाय?”

“तिला काय धाड भरलीया? धट्टीकट्टी हाय ती.”

“धट्टीकट्टी हुती म्हणून तर घेतलं तिला. तिचंबी पोट फाडलंय की मामी.”

“तुझा च्या तूच पी. लय बोलतीस.”

फरीदानं तो खरंच पिऊन टाकला. “भात तरी टाकते वाईच. दुपारच्याला चार घास खाशीला.”

“माझ्या सैपाकाला हात लावू नगंस. माझं हात काय झडल्यात?” असं म्हणत शालूबाई गुडघ्यावर हात रेटून उठल्या. सहा महिने भात सूनच टाकत होती, तरी उठल्या. तांदळाचा डबा पुढं ओढला आणि आत हात घातला.

हाताला काहीतरी गार लागलं.

संयोगिताची अन्नपूर्णा. लग्नात तिच्या आईनं दिलेली, बोटभर उंचीची, पितळेची. एका देव्हाऱ्यात दोन अन्नपूर्णा चालत नाहीत म्हणून शालूबाईंनीच ती पहिल्या दिवशी डब्यात ठेवायला लावली होती. सुनेनं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. रोज भात टाकताना आधी मूर्ती बाहेर काढायची, कुंकू लावायची, मग तांदूळ घ्यायची.

मूर्तीच्या कपाळावरचं कुंकू ताजं होतं. शालूबाईंच्या बोटाला लागलं. काल निघायच्या गडबडीतही पोरगी इथं येऊन गेली होती.

मूर्ती मुठीत धरून त्या घंगाळाशी आल्या. वाकल्या. हात पाण्यापर्यंत नेला आणि तसाच थांबवला. आपल्या देवांवर डोळे वटारायला त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती, इतकी वर्षं त्यांनीच तर घासलेपुसलेले. पण ही दुसऱ्या कुणाच्या आईनं लेकीबरोबर पाठवलेली. हिला कशी बुडवायची आणि कुठल्या तोंडानं धमकी द्यायची?

“बाई,” त्या हळूच म्हणाल्या, “तुझी पोर आत हाय.”

फरीदा उंबऱ्यावर तशीच बसून होती, रिकामी बशी मांडीवर.

मग मूर्ती पाटावर ठेवून शालूबाईंनी बाह्या वर सारल्या आणि घंगाळात हात घातला. आधी खंडोबा निघाला, मग जोतिबा, मग भवानी. प्रत्येकाला त्यांनी पदरानं पुसून त्याच्या जागेवर बसवलं.

“मामी, अजून फोन आलेला न्हाई,” फरीदा चपापून म्हणाली.

“ठावं हाय मला. भैरी न्हाई मी.” त्यांनी भवानीच्या टाकावरचं पाणी टिपलं. “दोघं हायत आत. मला काय कळतंय त्यातलं? ज्याचं काम त्यानं करावं. आनि गारठून कोन काम करतंय?”

घंगाळात आता त्यांची स्वतःची अन्नपूर्णा तेवढी राहिली होती. तीही बाहेर काढली. तेवढ्यात फळीवरचा फोन वाजला. पडद्यावर ऋषिराजचा फोटो आला.

फरीदा धावली. फोन उचलून तिनं शालूबाईंपुढं धरला. “मामी, घ्या.”

“वाजू दे जरा.”

“आवं, ऋषिराजचा हाय.”

“त्याचाच असणार. माझं हात ओलं हायत.”

फोन वाजत राहिला. शालूबाईंनी आपल्या अन्नपूर्णेचं पाणी निपटलं. देव्हाऱ्यात तिला नेहमीच्या जागेपासून थोडं डावीकडं सरकवलं, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर, तांदळाचे दोन दाणे अजून अंगाला चिकटलेली दुसरी, नीट तोंड समोर करून बसवली.

मग पदराला हात पुसून त्यांनी फोनसाठी हात पुढं केला.