आत्याची झडप

इकोच्या पडद्यावर सात वर्षांच्या रेवतीच्या हृदयातली झडप उघडझाप करत होती.

"आत्या, बघ, तुझी झडप!" रेवती ओरडली. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या आईला, मृण्मयीला, 'तुझी' हा शब्द नेहमीसारखा टोचला.

चार वर्षांपूर्वी मृण्मयीच्या पेशींपासून प्रयोगशाळेत झडप वाढवता आली नव्हती, कारण लेकीच्या हृदयातला दोष तिच्याकडूनच आला होता. नवऱ्याच्या पेशी जुळल्या नाहीत, मग नणंदेच्या, केतकीच्या, घेतल्या. ही झडप मुलीबरोबर वाढणार होती, पुन्हा छाती उघडायला लागणार नव्हती. तेव्हापासून रेवती शाळेतून आली की आधी आत्याच्या गळ्यात पडायची.

डॉक्टर म्हणाले, "झडप जाड झालीय. बदलावी लागेल. आणि दुसऱ्या ऑपरेशनला धोका जास्त असतो."

केतकीचा चेहरा पांढराफटक पडला. मृण्मयीला मात्र क्षणभर चक्क बरं वाटलं. केतकीचीही टिकली नाही तर! पुढच्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली.

"आता आईच्या पेशी दुरुस्त करून वापरता येतील," डॉक्टर पुढे म्हणाले. "पण तशी झडप आजवर फक्त नऊ मुलांना बसवलीय. त्यातली दोन गेली. आत्याच्या पेशींची झडप पुन्हा जाड होऊ शकते, पण त्यात जिवाला धोका कमी."

आपल्या पेशी चालतील, हे ऐकायला मृण्मयी चार वर्षं तळमळत होती.

"वहिनी, तू सांगशील तसं," केतकी हळूच म्हणाली.

"तुझ्याच पेशी घेऊ देत," मृण्मयी म्हणाली.

ऑपरेशनचं ऐकून घाबरलेली रेवती आत्याच्या कुशीत शिरली. मृण्मयीने ते पाहिलं, आतून जळली, आणि फॉर्मवर सही केली.