मेजाचा खण

राष्ट्राध्यक्षांवरील महाभियोगाचे मतदान सुरू होण्याआधी पक्षनेते थॉर्न शेजारी बसलेल्या सिनेटर मार्था लिंडक्विस्टकडे झुकले. “बाईसाहेब, राष्ट्राध्यक्ष आपल्याच पक्षाचे आहेत. त्यांनी कोणता कायदा मोडला, सांगा तरी!” “तुरुंगात टाकायचं असतं तर कलम शोधलं असतं. खुर्ची काढून घ्यायला लोकांचा विश्वास मोडला, एवढं पुरे.” “मग पुढच्या निवडणुकीत तिकीट विसरा. घरी बसून काकड्यांची लोणची घाला.” “माझी लोणची झकास होतात. बरणी पाठवीन.” कारकुनाने तिचे नाव पुकारले. मार्था ताठ उभी राहिली. “दोषी!” “संपलात तुम्ही,” थॉर्न कुजबुजले. मार्थाने मेजाचा खण ओढला. सिनेट कायमचे सोडणारा प्रत्येकजण जाताना आपल्या खणाच्या तळाशी नाव कोरतो. तिथे अकरा जुनी नावे होती. बारावे तिचे, सकाळीच कोरलेले. तिने अक्षरांवर फुंकर घातली. भुसा थॉर्नच्या काळ्या बाहीवर उडाला.