मागच्या दारावरची माळ

अमेरिकेतल्या डुलुथमधला जानेवारी, बाहेर उणे वीस. मागच्या दाराला घुंगरांची माळ बांधून मी आठवडाभर कुत्र्याच्या नव्या पिल्लाला, पिकलला, शिकवत होते. शू लागली की त्याने नाकाने माळ वाजवायची. मी लगेच दार उघडून त्याला बाहेर नेणार आणि परत आल्यावर बिस्किट देणार. डॅड खुर्चीतून सगळं बघायचे आणि म्हणायचे, "काय लाड आहेत! मला नाही कोणी बिस्किट देत."

डॅडच्या हल्ली काही लक्षात राहत नाही. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ते न सांगता सपाता घालूनच बर्फात निघून गेले आणि दोन तासांनी तळ्याकाठी सापडले. तेव्हापासून दार जरा वाजलं की मी हातातलं काम टाकून धावते.

आज मी वरच्या खोलीत काम करत असताना खाली माळ वाजली.

"शाब्बास, पिकल!" मी सवयीने ओरडले आणि मांडीकडे पाहिलं. पिकल तिथेच गाढ झोपला होता.

जिना कसा उतरले, कळलं नाही. डॅडची खुर्ची रिकामी होती.



बंद दारापाशी, कोटाची बटणं खालीवर लावून, डॅड शहाण्यासारखे उभे होते. मला बघताच त्यांनी बिस्किटासाठी हात पुढे केला.