मनगटाचा मुका

बोदान कानाला हेडफोन लावून स्वयंपाकघरात उभा होता आणि त्याचा चेहरा पडत चालला होता.

रेकॉर्डर लारिसाचा. ती गाडीवरचा बर्फ खरवडायला बाहेर गेली होती. चोरून ऐकायचा बोदानचा विचार नव्हता. म्हणजे होताच, पण बायको कॉलेजात काय शिकते ते नवऱ्याला कळायला नको का, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

आधी दार करकरलं. मग बर्फातली पावलं, कपड्यांची सळसळ. आणि मग तो आवाज. ओलसर, बारीक, मांजर बशीतलं दूध चाटतं तसा.

मुक्याचा आवाज ओळखायला काही कॉलेजात जावं लागत नाही. बोदानच्या अंगाचा तिळपापड झाला.

ट्रिस्टन! दुसरं कोण? कॉलेजात तिच्याबरोबर शिकणारा. सिनेमा त्याचा, त्यात आवाज भरायचं काम लारिसाचं. वयानं तिच्याहून दहा वर्षांनी लहान, डोक्यावर हे एवढं केसांचं टोपलं. जेवायला बसलं की ट्रिस्टन असं म्हणतो, ट्रिस्टन तसं म्हणतो. विनिपेग महापालिकेच्या बर्फ काढायच्या गाड्या दुरुस्त करणारा नवरा काय म्हणतो, हे या घरात कोणी विचारत नव्हतं.

लारिसा आत आली.

"हे काय आहे?" त्यानं हेडफोन तिच्यापुढे धरले.

तिनं ऐकलं. ओव्हरकोट काढून खुंटीला लावला. मग शांतपणे बाही वर सारली, मनगटाच्या आतल्या बाजूला ओठ टेकवले आणि त्याच्याकडे बघत एक मुका घेतला.

"हे आहे," ती म्हणाली. "सिनेमातले मुके असेच करतात. बर्फात चालण्याचा आवाज हातमोज्यात कॉर्नफ्लॉवर भरून, दाबून काढतात. हाड मोडायचं तर सेलरीच्या भाजीचा दांडा मोडतात. तुला काय वाटलं?"

"मला? मला काय वाटायचंय?"

"अरे, कान बघ कसे लाल झालेत!"

बोदानचा जीव भांड्यात पडला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या दिवसापासून तो तिचा बिनपगारी मदतनीस झाला. खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ असताना हा गडी चामड्याच्या हातमोज्यात पीठ भरून कचकच दाबत बसायचा. सेलरीचे इतके दांडे मोडले, की आठवडाभर सूपही सेलरीचंच. ट्रिस्टनचं नाव निघालं की पोटात अजून जरा दुखायचं, पण तेवढं त्यानं गिळायचं ठरवलं. बऱ्याच दिवसांनी दोघं एका टेबलाशी बसून हसत होती.

एका रविवारी दुपारी पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, उकळायला टाकून लारिसानं माइक लावला.

"तो मुका पुन्हा घ्यायचाय. ट्रिस्टनला आधीचा पसंत पडला नाही."

"बघ! गाढवाला गुळाची चव नाही," बोदान खूश होऊन म्हणाला.

त्यानं हेडफोन चढवले. लारिसानं मनगटाचा मुका घेतला. कानात असा काही भरीव, रसरशीत आवाज घुमला, की बोदान थक्क झाला.

"बाप रे! त्या दिवशीचा एवढा झकास नव्हता."

"तेव्हा माइक लांब होता," ती म्हणाली आणि पेरोगी हलवायला उठली.

"आता एक खरा घेऊ." त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"खरा माइकवर फसतो. फुसका येतो अगदी."

"तुला काय माहीत?"

"शिकवतात ना."

"मग मलाही शिकव. एवढी सेलरी खाल्ली तुझ्यासाठी."

"बोदान, पेरोगी फुटतील."

"फुटू देत."

ती तरी उभीच होती. हातातला झारा तिनं ठेवला, पुन्हा उचलला. बोदाननं तो काढून घेतला, तिला माइकजवळ ओढलं आणि बटण दाबलं. कॉलेज सुरू झाल्यापासून त्यानं तिला असं जवळ घेतलं नव्हतं. आपण उगाच मनात विष कालवून घेतलं, बायको आपलीच आहे, असं त्याला अगदी आतून वाटलं. डोळे मिटून त्यानं तिचा मुका घेतला, सावकाश, मनापासून.

"झालं समाधान? आता पुसून टाक ते," लारिसा म्हणाली.

"थांब गं, ऐकू तरी दे."

"अरे, फुसका आला असेल म्हटलं ना!"

हसायच्या तयारीनं बोदाननं हेडफोन कानाला लावले.

आवाज फुसका होता. ओलसर, बारीक. तो त्यानं याआधी एकदा ऐकला होता.